वाळवंटातली रेंज

जानेवारीत क्वार्टझसाइटला पहिल्यांदा पोहोचणाऱ्या माणसाला फोनकडे बघून हायसं वाटतं. अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ असलेलं हे गाव. 2020च्या जनगणनेत इथली वस्ती जेमतेम 2,400 भरली. पण थंडी पडली की मिनेसोटा, मोंटाना, थेट कॅनडातून आरव्ही इथे दाखल होतात. आरव्ही म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर पोटात घेऊन फिरणाऱ्या गाड्या. गावाभोवतीचं वाळवंट त्यांच्या पांढऱ्या छपरांनी भरून जातं. जमीन केंद्र सरकारची, ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या अखत्यारीतली. ला पोसा नावाच्या पट्ट्यात 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने मुक्काम करता येतो आणि त्याचं हंगामी शुल्क कित्येक वर्षं 180 डॉलर होतं. गाडीपाशी वीज नाही, नळ नाही. टॉवर मात्र आहेत, कारण इंटरस्टेट 10 हा महामार्ग गावाला खेटून जातो. फोनवर सगळ्या दांड्या उभ्या दिसतात.

आणि तरीही ऐन प्रदर्शनाच्या दिवसांत, भर दुपारी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो जात नाही. नातवंडांशी व्हिडिओ कॉल लागत नाही. बँकेचं पान अर्धवट उघडून थांबतं. दरवर्षी जानेवारीत इथे आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या वेळी एका लहान गावासाठी उभारलेल्या टॉवरवर एका शहराएवढी माणसं तुटून पडतात. रेंज उत्तम असते, पण तिच्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही उरत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्यांना तीच रेंज झकास चालते.

याच्या अगदी उलट अनुभव नेवाडातल्या हायवे 50वर येतो. ‘लाइफ’ मासिकाने 1986मध्ये अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हणून ज्याचं वर्णन केलं, तो हाच. ईली, युरेका, ऑस्टिन अशी एकेक लहान गावं आणि त्यांच्यामध्ये तासाभराची निर्मनुष्य वाट. डोंगराची रांग, मग सपाट खोरं, पुन्हा डोंगराची रांग, असा हा मुलूख आहे. खोऱ्यात उतरलं की फोन मुका होतो. खिंडीत चढलं की मधूनच एखादी दांडी उगवते आणि खिशात अडकून पडलेला निरोप निघून जातो. तिथे गर्दी अजिबात नसते, अंतर आणि आडवा डोंगर एवढीच अडचण असते.

या दोन ठिकाणच्या अडचणींना एकच उपाय लागू पडणार नाही, हे उघड आहे. पण आरव्हीच्या दुकानात दोघांनाही बहुधा एकच खोका दाखवला जातो. सिग्नल बूस्टर नावाचा तो खोका काही शे डॉलरला पडतो. तो वाईट नाही. योग्य जागी तो फार मोलाचा ठरतो. मात्र तो घेण्याआधी आपली रेंज नेमकी कुठे हरवते आहे हे ओळखलं नाही, तर पैसे जातात आणि फोन होता तिथेच राहतो. आडरानात राहून काम करणारी अनुभवी आरव्हीवाली मंडळी पहिल्यांदा जागा बघतात, मग अँटेना आणि सर्वांत शेवटी यंत्र. हा क्रम फार शहाणपणाचा आहे.

मराठी घरांनाही हा विषय आता परका राहिलेला नाही. पुण्या-नाशिकहून आईबाबा उन्हाळ्यात अमेरिकेत आले की आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला किंवा युटातल्या लाल खडकांच्या प्रदेशात चक्कर मारणारी कुटुंबं वाढली आहेत. घरून काम करण्याची मुभा मिळालेले संगणक अभियंते तर लॅपटॉपसह महिनाभर बाहेर पडतात. सोमवारी सकाळची मीटिंग कॅम्पच्या टेबलावरून करायची असते, बाबांना रात्री इकडच्या घरी फोन करायचा असतो. रेंज नसणं ही मग केवळ गैरसोय राहत नाही, नोकरीचा आणि जिवाचा प्रश्न होतो.

सुरुवात दांड्यांपासूनच करावी लागते, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या याचं सर्वांना बंधनकारक असं कोणतंही प्रमाण नाही; ते फोन बनवणारा ठरवतो. जुलै 2010मध्ये आयफोन 4च्या अँटेनावरून गदारोळ झाला, तेव्हा अ‍ॅपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं की दांड्या मोजण्याचं त्यांचं सूत्रच पूर्णपणे चुकीचं होतं आणि अनेकदा असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. म्हणून जाणकार दांड्यांकडे न बघता डीबीएम हा आकडा बघतात. अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंगमधल्या सिमच्या माहितीत बहुधा सापडतो. आयफोनवर *3001#12345#* हा क्रमांक फिरवला की चाचणीचा पडदा उघडतो. आकडा नेहमी उणे असतो. फोरजीच्या मोजमापात उणे 85 म्हणजे छान, उणे 105 म्हणजे कसंबसं, उणे 115च्या खाली गेला की आशा सोडायची वेळ आली. दर 10 डीबीला ताकद दहापट बदलते, त्यामुळे उणे 85 आणि उणे 115 यांत तब्बल हजारपटीचा फरक आहे. दांड्यांच्या चित्रात तो दोन-तीन रेघांत संपतो.

ताकदीइतकीच महत्त्वाची आहे सिग्नलची स्वच्छता. दोन-तीन टॉवरचे आवाज एकमेकांत मिसळले की ताकद भरपूर असूनही फोनला शब्द लागत नाहीत. त्याच चाचणीच्या पडद्यावर एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा बहुतेक वेळा दिसतो. तो वीसच्या आसपास असला तर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर ताकद कितीही असो, इंटरनेट रडतखडतच चालणार.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. टॉवरवरचं प्रक्षेपक साधारण 20 ते 40 वॉटचं असतं. फोरजीवर हातातला फोन जास्तीत जास्त 0.2 वॉट एवढ्याच ताकदीने उत्तर देतो. त्यामुळे आडरानात अनेकदा फोनला टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला फोन ऐकू येत नाही. दोन दांड्या दिसतात, घंटी मात्र वाजत नाही. अशा जागी फोन पूर्ण ताकद लावून पुन्हा पुन्हा हाका मारत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. रेंज नसलेल्या खोऱ्यात फोन विमान मोडवर टाकून ठेवणं आणि टेकडीवर चढल्यावरच तो उघडणं, ही सवय एका महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी आहे. तिथे बोलणं होत नसेल तर एसएमएस करून बघावा. त्याला फार थोडी जागा आणि क्षणभराचा संपर्क पुरतो.

कोणता टॉवर किती लांब पोहोचतो हे वारंवारतेवर ठरतं. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, झाडांतून आणि भिंतींतून आत शिरतात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतातही. जास्त वारंवारतेच्या लहरींवर माहिती भरपूर मावते, पण त्या लवकर दमतात. अमेरिकेतल्या ग्रामीण भागाला बळ मिळालं ते जुन्या टीव्हीच्या वाहिन्यांमुळे. 12 जून 2009 रोजी तिथलं अ‍ॅनालॉग टीव्ही प्रक्षेपण बंद झालं आणि 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी मोकळा झाला. 2017मध्ये 600 मेगाहर्ट्झचा लिलाव पूर्ण झाला. त्यात टी-मोबाइलने सुमारे 8 अब्ज डॉलर मोजले. शहरांपुरती समजली जाणारी ही कंपनी त्यानंतर माळरानावर दिसू लागली. म्हणूनच जुना फोन घेऊन फिरणाऱ्याला ‘इथे रेंजच नाही’ असं वाटतं, आणि शेजारच्या गाडीतल्या नव्या फोनवर सिनेमा चालू असतो. जुन्या फोनला तो पट्टा ओळखताच येत नाही.

जागा निवडताना लोक सावली बघतात, नदीचा काठ बघतात. रेंजसाठी उलटं बघावं लागतं. नदीकाठ म्हणजे खोऱ्याचा तळ. युटातल्या झायन दरीच्या भिंती काही ठिकाणी 600 मीटर उंच आहेत, तिथे तळाशी टॉवरही पोहोचत नाही आणि आभाळाची पट्टीही चिंचोळी असते. त्याऐवजी उंचवट्यावर, गावाच्या किंवा महामार्गाच्या दिशेला मोकळा उतार असलेल्या जागी गाडी लावली, तर आकडा सहज दहा-वीस डीबीने सुधारतो. कधी कधी गाडी शंभर फूट पुढे घेणं पुरतं, कारण आडवा आलेला टेकडीचा कान तेवढ्याने बाजूला होतो. ला पोसासारखे खास पट्टे सोडले तर सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी साधारण 14 दिवस राहता येतं. त्यामुळे मुक्काम ठोकण्याआधी अर्धा तास फोन हातात धरून फिरण्यात काही वाया जात नाही.

मग गाडीच आड येते. एअरस्ट्रीमचे ते चकचकीत, गोलसर ट्रेलर अमेरिकेत गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ओळखीचे आहेत. त्यांचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. मायकेल फॅरेडेने 1836मध्ये दाखवून दिलं होतं की धातूच्या पिंजऱ्यात बाहेरची विद्युत लहर शिरत नाही, आणि अशा ट्रेलरमध्ये बसून फोन करू पाहणारा माणूस रोज त्याच प्रयोगाचा भाग होतो. ऊन अडवणाऱ्या काचांवरही धातूचा पातळ थर असतो. पहिला उपाय फुकटचा आहे: बाहेर या. दुसरा उपाय जवळपास फुकटचा: हॉटस्पॉटचं यंत्र काचेला चिकटवून किंवा छपरावरच्या झडपेपाशी ठेवा आणि आत फक्त वाय-फाय वापरा. गाडीच्या पोटात फोन खिशात ठेवून रेंजला दोष देणं अन्यायाचं आहे.

यानंतर अँटेना. उंची वाढली की रेंज वाढते, आणि आरव्हीवाल्यांनी त्यासाठी झेंड्याची घडीची काठी आपलीशी केली आहे. वीस-पंचवीस फुटांवर टोकाला अँटेना बांधायचा आणि खालून तार आत घ्यायची. एका दिशेला रोखलेला अँटेना लांबचा टॉवर जास्त चांगला पकडतो. त्याचं मूळ रूप जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926च्या सुमारास मांडलं. मराठी वाचकाला ते पाठ आहे. 2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर गच्च्यागच्च्यांवर उगवलेले आडव्या सळ्यांचे अँटेना त्याच कुळातले. गच्चीवरून ‘दिसतंय का?’ असं ओरडत तो फिरवणाऱ्याचं काम आज युटाच्या माळावर जसंच्या तसं चालतं, फक्त खालचा माणूस टीव्हीऐवजी डीबीएमचा आकडा वाचून सांगतो.

तारेकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच मिळवलेलं गमावतात. आरजी-58 जातीची बारीक तार दोन गिगाहर्ट्झच्या आसपास दर मीटरला पाऊण डीबी तरी खाते. पाच-सहा मीटर तार टाकली की अर्ध्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपतो. एलएमआर-400 ही जाड तार दर मीटरला 0.2 डीबीच्या आसपास घेते. ती अवजड असते, सहज वळत नाही, महाग पडते, तरी काठी उंच करणार असाल तर तीच घ्यावी. नाही तर काठी बुटकी ठेवावी.

आता तो खोका. बूस्टरचे तीन भाग असतात: बाहेरचा अँटेना, मधलं वर्धक यंत्र आणि आतला छोटा अँटेना. बाहेरचा क्षीण सिग्नल घेऊन, मोठा करून आत सोडायचा आणि फोनचं उत्तर मोठं करून बाहेर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. एके काळी कुणीही बनवलेली अशी यंत्रं टॉवरच्या कामात इतका गोंधळ घालत की अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 2013मध्ये नियम केले आणि 1 मार्च 2014नंतर त्या नियमांत बसणारीच यंत्रं विकता येतील असं ठरवलं. चालत्या गाडीतल्या बूस्टरला 50 डीबीची मर्यादा आहे. म्हणजे लाखपट. एका जागी उभ्या असलेल्या गाडीसाठी त्याहून जास्त ताकदीची यंत्रं चालतात. युटातल्या सेंट जॉर्ज गावच्या विल्सन इलेक्ट्रॉनिक्सचं ‘वीबूस्ट डेस्टिनेशन आरव्ही’ 65 डीबीचं आहे आणि ते फक्त मुक्कामात वापरायचं असतं. यंत्र आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवणंही नियमाने आवश्यक आहे.

कागदावरची ही लाखपट गाडीत क्वचितच मिळते, याला कारण आहे. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी सुरू होते, तसंच इथे घडतं. आतल्या अँटेनाचा मोठा झालेला सिग्नल छपरावरच्या अँटेनाने पुन्हा उचलला की यंत्र स्वतःचाच आवाज मोठा करत सुटतं. नियमांत बसणारं यंत्र हे ओळखून लगेच आपली ताकद कमी करतं. फायबरच्या छपराची, लहान लांबीची आरव्ही असेल तर दोन अँटेनांमध्ये पुरेसं अंतर मिळत नाही आणि निम्मी ताकद अशीच जाते. धातूचं छप्पर, जे फोनचा शत्रू होतं, ते इथे मात्र मदतीला येतं, कारण ते दोघांच्या मध्ये पडदा धरतं. दुर्बळ सिग्नलच्या जागी आतल्या अँटेनाचा पल्लाही दीड-दोन फुटांचाच उरतो. फोन त्याच्या शेजारी टेबलावर ठेवूनच बोलावं लागतं.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. फोरजी आणि फाइव्हजीचा वेग मोठ्या प्रमाणात मायमो या तंत्रावर उभा आहे. टॉवर दोन किंवा चार अँटेनांतून वेगवेगळे प्रवाह एकाच वेळी सोडतो आणि फोन आपल्या दोन-चार अँटेनांनी ते वेगळे करून घेतो. साध्या बूस्टरला बाहेरचा अँटेना एकच असतो. सगळे प्रवाह त्या एकाच नळीतून आत येतात. परिणाम असा की दांड्या दोनाच्या चार होतात आणि उतरवण्याचा वेग कधी कधी कमी होतो. बूस्टर बंद करून बघा, असा सल्ला जुने आरव्हीवाले नव्यांना देतात, तो यामुळेच. 2006पासून आरव्हीत राहून रस्त्यावरच्या इंटरनेटचा अभ्यास करणारे ख्रिस डन्फी आणि चेरी व्हे आर्ड हे जोडपं वर्षानुवर्षं अशा यंत्रांच्या तुलनात्मक चाचण्या घेत आलं आहे. इंटरनेट हीच मुख्य गरज असेल, तर छपरावरचा मायमो अँटेना थेट राउटरला किंवा हॉटस्पॉटला जोडणं हा बहुतेकांसाठी अधिक चांगला मार्ग आहे. बूस्टर कामी येतो तो टॉवरला आपला आवाज पोहोचत नाही अशा ठिकाणी, कारण वर पाठवण्याची ताकद तो एका वॉटपर्यंत नेऊ शकतो. साधा फोन लागावा, छोटा निरोप जावा, एवढीच गरज असलेल्या एकट्या प्रवाशासाठी तो खरोखर चांगला आहे.

आणि क्वार्टझसाइटच्या गर्दीवर? तिथे बूस्टर काहीही करू शकत नाही. सिग्नल आधीच तगडा आहे, तो मोठा करून टॉवरवरची रांग कमी होत नाही. तिथे उपाय एकच, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर जाणं. म्हणून पहिला खर्च कशावर करावा असं कुणी विचारलं, तर उत्तर आहे दुसरं सिम. एटी अँड टी, व्हेरायझन, टी-मोबाइल या तिघांपैकी दोघांची जोडणी जवळ असली की अर्ध्या अडचणी संपतात, आणि ई-सिममुळे त्यासाठी दुसरा फोनही लागत नाही. स्वस्त योजना घेताना मात्र एक बघावं: गर्दीच्या वेळी त्या ग्राहकांना रांगेत मागे ठेवलं जातं. भारतातून आलेल्या आईबाबांचं रोमिंग सिमही फेकून देऊ नये. करारानुसार ते एकाहून जास्त अमेरिकी कंपन्यांच्या टॉवरवर बसू शकतं, आणि मुलाचा फोन मुका असताना बाबांचा वाजू शकतो.

कोणाचा टॉवर कुठे आहे हे कंपन्यांच्या नकाशावरून ठरवणं धोक्याचं. हे नकाशे संगणकाच्या अंदाजावर रंगवलेले असतात. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी 12 राज्यांत जवळपास 10,000 मैल गाडी चालवून ते तपासले. डिसेंबर 2019च्या अहवालात त्यांनी लिहिलं की व्हेरायझन, यूएस सेल्युलर आणि टी-मोबाइलच्या नकाशांत व्याप्ती बहुधा वाढवून दाखवली होती. रस्त्यावरच्या चाचण्यांपैकी 62.3 टक्के चाचण्यांतच नकाशाने सांगितलेला किमान वेग मिळाला. त्यानंतर नियम कडक झाले आणि नोव्हेंबर 2022मध्ये नवा राष्ट्रीय नकाशा आला. तरीही प्रवाशांच्या फोनवरून गोळा झालेल्या प्रत्यक्ष नोंदी दाखवणारी अ‍ॅप्स जवळ ठेवावीत आणि मागच्या मुक्कामी चांगलं वाय-फाय असतानाच नकाशे उतरवून घ्यावेत.

मे 2022मध्ये स्टारलिंकने आरव्हीसाठी वेगळी योजना आणली आणि या सगळ्या चर्चेचा रंग बदलला. सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह टॉवरची वाट बघायला लावत नाहीत. जून 2024मध्ये आलेली छोटी तबकडी जेमतेम 1.1 किलोची आहे आणि 25 ते 40 वॉटवर चालते. एवढी थोडी वीज वाटते, पण ती चोवीस तास चालू ठेवली तर 600 ते 960 वॉट-तास जातात आणि 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साठवतेच साधारण 1,200. म्हणजे सौर पट्ट्या हव्यात, किंवा काम झालं की बंद करण्याची शिस्त हवी. शिवाय तिला मोकळं आभाळ लागतं. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ती राणीसारखी चालते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलात, जिथे झाडं तीनशे फुटांवर जातात, तिथे दर मिनिटाला तुटते. उन्हात तबकडी, सावलीत गाडी आणि मध्ये लांब तार, असा संसार मग मांडावा लागतो.

काही जागी मात्र कुणीच प्रयत्न करू नये. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकभोवती 1958मध्ये राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र आखलं गेलं. त्याचा पसारा सुमारे 13,000 चौरस मैलांचा. तिथली 100 मीटर व्यासाची दुर्बीण विश्वातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकते, म्हणून टॉवरवर कडक बंधनं आहेत आणि दुर्बिणीजवळच्या घरांत वाय-फायसुद्धा नकोसं असतं. डोंगराळ, देखणा प्रदेश आहे, आरव्हीवाले तिथेही जातात. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी 45 मीटरच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही, आवारात फोन बंद ठेवायला तिथेही सांगतात. राष्ट्रीय उद्यानांत प्रश्न वेगळा आहे. तिथे टॉवर हवा की नको यावर निसर्गप्रेमी आणि सुरक्षेची काळजी करणारे अनेक वर्षं भांडत आहेत. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुलसारख्या वर्दळीच्या ठिकाणी रेंज आहे, आतल्या मोठ्या भागात नाही. उद्यानाने हे जाणीवपूर्वक मर्यादित ठेवलं आहे आणि ते योग्य आहे. सगळीकडे टॉवर उभारणं हे उत्तर नव्हे. पण मग प्रवाशाने संकटाची तयारी स्वतः केली पाहिजे.

नोव्हेंबर 2006मधली ओरेगनची घटना अमेरिकेत अजून सांगितली जाते. सॅन फ्रान्सिस्कोचं एक कुटुंब, आईबाप आणि दोन लहान मुली, 25 नोव्हेंबरला किनाऱ्याकडे निघालं होतं. मुख्य वळण चुकलं, म्हणून त्यांनी बेअर कॅम्प रोड हा डोंगरातला रस्ता धरला आणि बर्फात, लाकूडतोडीच्या एका आडवाटेवर गाडी अडकली. फोन लागत नव्हता. मात्र 26 तारखेच्या पहाटे त्या फोनवर दोन एसएमएस येऊन पडले. त्या क्षणापुरता ग्लेंडेल गावाजवळच्या टॉवरशी फोनचा संपर्क झाला होता आणि त्याची नोंद एज वायरलेस या स्थानिक कंपनीच्या संगणकात राहिली. बेपत्ता कुटुंबाची बातमी ऐकून त्या कंपनीच्या दोन अभियंत्यांनी आपणहून जुन्या नोंदी उपसल्या. टॉवरची नेमकी कोणती बाजू होती ते पाहिलं. डोंगराळ भागात त्या बाजूने सिग्नल कुठे पोहोचू शकतो याचं गणित मांडलं. उत्तर आलं बेअर कॅम्प रोड. 4 डिसेंबरला हेलिकॉप्टरमधून आई आणि दोन्ही मुली जिवंत दिसल्या. वडील दोन दिवस आधी मदत शोधायला पायी निघाले होते. 6 डिसेंबरला त्यांचा मृतदेह सापडला, थंडीने त्यांचा बळी घेतला होता.

एक क्षणाचा संपर्क काय करू शकतो हे त्यातून कळलं आणि तो नशिबावर सोडता येत नाही हेही. आज साधनं खूप सुधारली आहेत. अमेरिकेत 911 हा क्रमांक कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, आपली रेंज नसली तरी दुसऱ्याची असेल तर चालतं. नोव्हेंबर 2022पासून आयफोन 14 आणि त्यापुढचे फोन ग्लोबलस्टारच्या उपग्रहांमार्फत संकटसंदेश पाठवू शकतात. जुलै 2025मध्ये टी-मोबाइलने स्टारलिंकच्या उपग्रहांवरून साध्या फोनला एसएमएसची सेवा सुरू केली. पण उपग्रहाच्या या सेवांना डोक्यावर उघडं आभाळ हवं. दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बूस्टरवरून केलेल्या 911च्या फोनवर ठिकाण चुकीचं कळू शकतं, तशी सूचना यंत्रावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि वाय-फाय कॉलिंगमध्ये आपण नोंदवलेला घरचा पत्ता पुढे जाऊ शकतो, म्हणून प्रवासाला निघताना तो बदलून घ्यावा. फोन लागला की पहिलं वाक्य आपण कुठे आहोत याचं असावं. आणि निघण्यापूर्वी कोणत्या रस्त्याने, कोणत्या दिवशी, कुठे पोहोचणार हे घरी लिहून ठेवावं. ओरेगनच्या शोधकांकडे नेमकं तेच नव्हतं.

महाराष्ट्र सरकारने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि कोकणच्या आडबाजूच्या किनाऱ्यांवर अशा गाड्या हळूहळू दिसू लागतील. उंचवटा शोधा, काचेपाशी फोन ठेवा, दोन कंपन्यांची सिमं बाळगा, निघताना घरी मार्ग सांगा, हे सगळं इथेही तितकंच लागू आहे. यंत्रांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत दुकानातून उघडपणे मिळणारा बूस्टर भारतात परवान्याशिवाय बाळगणं 1933च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे आणि 2023च्या दूरसंचार कायद्यातही त्याला शिक्षा आहे. दूरसंचार विभागाने मुंबई-दिल्लीत छापे घालून अशी यंत्रं उतरवली आहेत. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांचंही तसंच. डिसेंबर 2024मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेला असंच यंत्र सामानात सापडल्यामुळे ताब्यात घेण्यात आलं होतं. अमेरिकेतली सहल आटोपून परत येताना बूस्टर आणि उपग्रह संदेशयंत्र सामानात बांधू नका, तिथल्याच मुलाकडे किंवा मित्राकडे ठेवून या.